जुना नंबर, नवे दप्तर



 

प्रकल्प सांभाळायचे एक सॉफ्टवेअर सोडून दुसऱ्यावर जायचे असेल, तर साठलेली माहिती कशी हलवायची? विषय रुक्ष वाटेल, पण तो आपल्यापैकी अनेकांच्या दारात येऊन उभा आहे. ॲटलासियनने जिरा सर्व्हरचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ रोजी थांबवला. पिव्होटल ट्रॅकर ३० एप्रिल २०२५ रोजी बंद झाले. मायक्रोसॉफ्टने प्रोजेक्ट ऑनलाइन बंद करण्यासाठी ३० सप्टेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली आहे. तारीख कंपनी ठरवते आणि आपण शेवटच्या महिन्यात जागे होतो. तेव्हा घाईत एकच प्रश्न विचारला जातो: कोणते टूल घ्यायचे? माझ्या मते तो प्रश्न दुसरा आहे. जुने नंबर कसे टिकतील आणि हललेली माहिती बरोबर आहे अशी सही कोण करील, हे आधी ठरले पाहिजे.

दप्तर हलते म्हणजे काय होते, हे आपल्या बेळगाव भागाने फार जवळून पाहिले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायद्याने बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला. या निर्णयाने आपल्या मराठी माणसांच्या मनात काय उरले, ते या सभागृहात सांगायला नको. आज मी त्यातला दप्तराचा भाग तेवढा उचलतो. एका जिल्ह्याच्या कागदांचे दोन वाटे झाले. इकडे बेळगावात कारभाराची भाषा बदलली, लिपी बदलली, सात-बाराच्या जागी आरटीसी म्हणजे पहाणीपत्रक आले. तरीही आजोबांच्या नावचा जुना कागद घेऊन गेलेल्या नातवाला आपले शेत सापडते, कारण सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर यांचा धागा तुटला नाही.

पुढे याच नोंदी संगणकावर गेल्या. कर्नाटकाच्या ‘भूमी’ योजनेत १९९९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या जवळपास २ कोटी नोंदी हाती लिहिलेल्या कागदावरून संगणकात आल्या. प्रकल्पाचे नियोजन शिकवणाऱ्या प्रत्येकाने ही योजना बारकाईने पाहावी. सगळे राज्य एका रात्रीत हलवले नाही. आधी मोजके तालुके घेतले, मग एकामागून एक. टंकलेखन झाले की छापील प्रत गावच्या तलाठ्याकडे गेली. त्याने ती आपल्या दप्तराशी पडताळली, दुरुस्त्या केल्या आणि सही केली. ज्याने नोंद ठेवली त्यानेच ती तपासली. एखाद्या तालुक्याचे काम पुरे झाले की तिथला हाती लिहिलेला उतारा यापुढे चालणार नाही अशी अधिसूचना निघाली. हे शेवटचे पाऊल मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जुने आणि नवे दोन्ही चालू ठेवले, तर सहा महिन्यांत दोन्ही खोटे पडतात.

एक उणीवही स्पष्ट सांगतो. नवा उतारा कन्नडमधून निघतो आणि सीमाभागातल्या अनेक मराठी शेतकऱ्यांना स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. ज्याची माहिती, त्याला ती वाचता आली पाहिजे. ही मागणी मी आपली मानतो आणि आपल्या कार्यालयांतही ती पाळली जावी असे मला वाटते. शॉप फ्लोअरवरचा माणूस मराठीत किंवा कन्नडमध्ये शेरा लिहीत असेल, तर नव्या टूलमध्ये तो शेरा तसाच उतरला पाहिजे. इथे एक खड्डा आहे. अनेकांच्या जुन्या एक्सेल फायली श्रीलिपीसारख्या, युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्या थेट आयात केल्या, तर नव्या पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग आयात.

आता नंबरांकडे येतो. फाउंड्रीवाल्यांना हे माझ्यापेक्षा चांगले कळते. कास्टिंगवरचा हीट नंबर, म्हणजे ते कोणत्या वितळणीतून ओतले त्याची खूण, पुसला गेला, तर प्रयोगशाळेचा अहवाल हातात असूनही उपयोगाचा राहत नाही. ग्राहकाची तक्रार आली की आधी हीट नंबर शोधतात, बाकी सगळे त्यानंतर. आपल्या सॉफ्टवेअरमध्येही तेच: टूल बदलले की जुना ४१२ नंबरचा मुद्दा, म्हणजे कामाची एक नोंद, नव्यात १८०७ होऊन बसतो. पण ४१२ हा आकडा ग्राहकाच्या ईमेलमध्ये आहे, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात आहे, चलनावर आहे, प्रोग्रॅमरच्या कोडमधल्या टिपेत आहे. ती सगळी ठिकाणे आपण बदलू शकत नाही. म्हणून आयातीपूर्वी नव्या टूलमध्ये ‘जुना नंबर’ असा रकाना तयार करा, प्रत्येक मुद्द्यात तो भरा आणि दोन्ही नंबरांचा तक्ता साध्या सीएसव्ही फायलीत वेगळा जपून ठेवा.

तारखांचेही असेच. बऱ्याच टूलमध्ये एपीआयने माहिती भरली की निर्मितीची तारीख आयातीचा दिवस होते आणि लेखक म्हणून आयात करणाऱ्याचे नाव लागते. तीन वर्षांची चर्चा एका दुपारी एकाच माणसाने केल्यासारखी दिसते. उद्या वाद झाला, तर त्या नोंदीवर कोण विश्वास ठेवील? मूळ लेखक आणि मूळ तारीख शेऱ्याच्या पहिल्या ओळीत मजकूर म्हणून लिहा. ०३/०४ ही तारीख आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकी पद्धतीत ४ मार्च. त्यामुळे वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने निर्यात करा.

दुवे तर सर्वांत नाजूक. पॅटर्न मंजूर झाल्याशिवाय नमुन्याचे कास्टिंग ओतायचे नाही, हे अवलंबन मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये दोन कामांतला दुवा म्हणून असते. नुसत्या कार्डांच्या बोर्डवर त्याला जागाच नसते. सगळी कार्डे सुखरूप पोचतात, मोजदाद जुळते, अहवालात शंभर टक्के यश लिहिले जाते आणि वेळापत्रक मात्र मेलेले असते. मोजदाद जुळली म्हणून कुणी समाधान मानू नये. प्रत्येक विभागातले काही मुद्दे उघडून त्या विभागाच्या माणसाने ते मुळापासून शेवटपर्यंत वाचावेत.

आणि सगळेच न्यायचे का? बेळगावच्या खडेबाजारातले व्यापारी पाडव्याला नवी वही घालत, तेव्हा मागील बाकी तेवढी ओढून आणत. जुनी रोजकीर्द नव्या वहीत कुणी उतरवीत नसे. जुन्या वह्या बासनात बांधून हाताशी ठेवलेल्या असत. चालू प्रकल्प, उघडे मुद्दे आणि हमीच्या मुदतीतली कामे पूर्ण न्यावीत. संपलेले प्रकल्प वाचता येतील अशा साध्या स्वरूपात, जोडलेल्या फायलींसह बाजूला ठेवावेत. अनेक निर्यातींत त्या फायलींचा नुसता पत्ता येतो, फाइल येत नाही. जुने खाते बंद झाले की तो पत्ताही मरतो. शिवाय नुसते ठेवून भागत नाही. जुन्या घरांत मोडीतल्या वह्या सुरक्षित असतात, पण वाचणारे शोधावे लागतात.

नंबरांच्या गोंधळाची किंमत ॲटलासियनने स्वतः मोजली आहे. एप्रिल २०२२ मध्ये एक जुने ॲप काढायचे होते. ॲपचे क्रमांक द्यायचे, त्याऐवजी ग्राहकांच्या संपूर्ण साइटचे क्रमांक दिले गेले आणि कायमचे पुसण्याची स्क्रिप्ट चालली. ७७५ ग्राहकांची कामे अडकली, काहींची तब्बल चौदा दिवस. बॅकअप होते, पण इतक्या ग्राहकांची माहिती एकेक करून झटपट परत आणण्याची व्यवस्था तयार नव्हती. बॅकअप आहे का, एवढे विचारून थांबू नका. तो कधी परत उतरवून पाहिला, ते विचारा.

तेव्हा माहिती हलवण्याचा दिवस निवडताना मार्चअखेर टाळा, गणेशोत्सव टाळा. आयातीआधी सूचनांचे ईमेल बंद करा, नाहीतर ग्राहकाला एका रात्रीत हजारो संदेश जातील. छोट्या प्रकल्पावर रंगीत तालीम करा, मग जुने टूल फक्त वाचण्यापुरते उघडे ठेवून नव्यावर या. जुन्या टूलची वर्गणी निदान एका तिमाहीसाठी चालू ठेवा. हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी लिहा, कारण नंतर तो कुणी मंजूर करीत नाही.

दुपारच्या सत्रात प्रत्येकाने आपल्या संस्थेच्या निर्यात फायलीतला एक नमुना, ग्राहकांची नावे काढून, सोबत आणावा. ज्याने त्या नोंदी लिहिल्या त्या सहकाऱ्यालाही आणावे. रकान्यांची जुळवणी तिथेच बसून करू. जेवणानंतर भेटूच.