पहिली दहा मिनिटे

दहावी-बारावीच्या परीक्षेला बसणारी मुले आणि त्यांचे आईवडील यांच्याशी आज थोडे बोलायचे आहे. मी शिक्षक आहे. बोर्डाच्या परीक्षेत पर्यवेक्षक म्हणून वर्गावर असतो, तेव्हा एक गोष्ट दरवर्षी दिसते. पेपर हातात पडल्यावरची पहिली दहा मिनिटे ज्याला सांभाळता आली, त्याचा पुढचा वेळ बहुधा नीट जातो.

परीक्षेच्या सकाळी छाती धडधडते, हात गार पडतात, पोटात गोळा येतो. मुलांना वाटते, आपला अभ्यासच कच्चा आहे. तसे मुळीच नाही. संकटाची चाहूल लागली की शरीरात ॲड्रेनॅलिन वाढते, हृदय जोरात चालते, रक्त स्नायूंकडे धावते. वाघ समोर आला तर पळता यावे, म्हणून निसर्गाने केलेली ही सोय! थोडी धास्ती हवीच. ती नसती तर पुस्तक उघडले असते कोणी?

अडचण होते ती धास्तीने डोक्यातली जागा अडवली की. हातातले काम करताना लागणारी आपली स्मृती स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी असते, जागा मोजकीच. 'नापास झालो तर?', 'बाबा काय म्हणतील?' अशी भांडी त्यावर मांडून ठेवली, तर पोळी लाटायची कुठे?

म्हणून ओटा आधी मोकळा करावा. शिकागो विद्यापीठातील गेरार्डो रामिरेझ आणि शान बायलॉक यांनी 2011 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. परीक्षेच्या तोंडावर मुलांना 10 मिनिटे मनातली भीती कागदावर लिहायला सांगितली. ज्यांना परीक्षेची फार धास्ती होती, त्यांचे गुण अशा लिहिण्याने सुधारले. घरून निघण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर हे कोणालाही करता येईल. कागद मात्र घरीच ठेवून जा!

वर्गात बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर टेकवा. श्वास सावकाश घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. असे पाच-सहा वेळा करा. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते. बैठक क्रमांक शांतपणे लिहा. मग पेपर एकदा पूर्ण वाचा आणि चांगला येणारा प्रश्न आधी घ्या. पूर्वी बोर्डाची प्रश्नपत्रिका 10 मिनिटे आधी मिळत असे. 2023 मध्ये ती पद्धत बंद झाली आणि तेवढी मिनिटे शेवटी वाढवून मिळाली. तेव्हा वाचण्यात गेलेला वेळ वाया गेला, असे समजू नका.

तासाभरात कोणीतरी उठून पुरवणी मागतो, आणि चार चेहरे उतरलेले मला लगेच दिसतात. अरे, त्याचे अक्षर मोठे असेल! गुण उत्तराला मिळतात, पानांना नाही. एखादे उत्तर आठवत नसेल तर जागा सोडून पुढे चला. पुष्कळदा ते नंतर आपोआप आठवते. आणि पेपर सुटल्यावर फाटकाशी उत्तरे ताडून पाहत उभे राहू नका. गेलेला पेपर बदलत नाही, उद्याचा मात्र बिघडतो. आदल्या रात्री जागरणही नको. वाचलेले मनात पक्के होते ते झोपेत.

आता आईवडिलांसाठी दोन शब्द. मूल घरी आल्याबरोबर 'किती पडतील?' असे विचारू नका. 'भूक लागली असेल ना, हातपाय धुऊन ये,' एवढे पुरे. शेजारच्या मुलाचे टक्के जेवणाच्या ताटावर आणू नका. एखादा विषय राहिलाच, तर बोर्डाची पुरवणी परीक्षा असते. हे निकालाच्या दिवशी नव्हे, आजच मुलाला सांगा.

आणि मूल जेवेनासे झाले, रात्ररात्र जागू लागले, 'मी नसलो तर बरे' असे बोलू लागले, तर ते परीक्षेचे नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. 2022 मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'टेलि-मानस'च्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. अभ्यास आठ दिवस बाजूला राहिला तरी चालेल. परीक्षा पुन्हा देता येते; मुलाला जपायला हवे ते आत्ताच.