घर पडलं तर दोन पंचनामे



कापूस-ज्वारीच्या विम्यावर आपण भांडतो. घराच्या विम्याचं नावही काढत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर पडलं ते आठवा. माळवद गळू नये म्हणून आपण दरसाल वर माती टाकत होतो. तेच ओझं दगडमातीच्या भिंतींसकट माणसांवर आलं. तेव्हा सरकारनं आणि संस्थांनी घरं बांधून दिली. पुढल्या वेळी देतीलच, असा भरवसा आम्ही धरत नाही.

१ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही एकाच नमुन्याची पॉलिसी निघाली आहे. आग, वीज, पूर, भूकंप त्यात येतात. विमा बांधकामाच्या खर्चाचा, जागेच्या किमतीचा नव्हे. अर्जात भिंत कशाची ते खरं लिहा. मातीला सिमेंट लिहिलं की दावा तिथंच अडतो. जुनी झीज मात्र भरून मिळत नाही.

आपला घोळ होतो तो पंचनाम्यात. तलाठी लिहून गेला की आपण निर्धास्त! तो कागद सरकारी मदतीचा. कंपनीला आपण वेगळं, ताबडतोब कळवायचं. तिचा सर्व्हेअर वेगळा येतो. माणसं-जनावरं काढायला थांबू नका, पण बाकी ढिगारा तो येईपर्यंत राहू द्या. उचलावाच लागला तर आधी फोटो काढा. नकार आला तर लेखी मागा. कंपनीकडे तक्रार करूनही महिन्यात दाद लागली नाही, तर विमा लोकपाल आहे. फी नाही, वकील नाही.

आणि पॉलिसीची एक प्रत परगावच्या पाहुण्याकडे ठेवा. पेटीतली घराबरोबरच गाडली जाते.