विहिरीचा जमाखर्च



‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण आपण बहुधा माणसाच्या अकलेविषयी वापरतो. आज मला ती खऱ्याखुऱ्या आडाविषयीच वापरावयाची आहे. आपल्या आडात पाणी किती आहे आणि ते कसे आहे, हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर दोर सोडून मिळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र चव घेऊन मिळत नाही.

प्रथम ‘किती’ याचा विचार करू. आपला चिखली तालुका घाटावरचा. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून तो बनला. घट्ट काळा पाषाण पाणी धरीत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात, झिजलेल्या खडकात, भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यांत. अशा खडकाच्या शंभर भागांत पाणी साठवून ते विहिरीला सोडणारी जागा साधारणतः एक ते तीन भाग असते.

आपण दोन भाग धरून हिशेब करू. पावसाचे ४० मिलिमीटर पाणी जमिनीत मुरले की विहिरीची पातळी दोन मीटर चढते. त्यामुळे भाद्रपदात तुडुंब विहीर पाहून आपल्याला वाटते, पाणी उदंड आहे. पण हाच हिशेब उलट करून पाहा. एक हेक्टर जमिनीखालची पातळी एक मीटर उतरली, तर हाती येते दोन लाख लिटर पाणी. त्याच एक हेक्टर गव्हाला ५० मिलिमीटरची एक पाळी द्यावयाची, तर लागतात पाच लाख लिटर. म्हणजे एका पाळीत अडीच मीटर पातळी गेली! भोवतालच्या पडीक रानाखालचे पाणी विहिरीकडे झिरपते म्हणून हे एकदम जाणवत नाही. सर्वांनीच विहिरी केल्या की मग जाणवते. आपली थैली लहान आहे. ती लवकर भरते आणि तितक्याच लवकर रिकामी होते. खोल बोअर घेतल्याने ही थैली मोठी होत नाही, तिच्या तळाशी हात जातो एवढेच.

आता ‘कसे’ या प्रश्नाकडे वळू. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात गाळाची जाड माती आहे. तेथे भूगर्भात पाणी आहे, पण खारपाणपट्ट्यातल्या अनेक गावांना ते पिता येत नाही. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा उद्भव नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. खारटपणा निदान जिभेला तरी कळतो. नायट्रेटला मात्र रंग नाही, वास नाही, चव नाही. ते येते उकिरड्यातून, गोठ्यातून, शौचालयाच्या खड्ड्यातून आणि शेतात टाकलेल्या युरियातून. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा प्रांतात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी दाखवून दिले की तान्ही मुले निळी पडत होती ती विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटमुळे. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. टीसीएल पावडर जंतू मारते, पण नायट्रेटपुढे तिचे काही चालत नाही. तेव्हा ‘आमच्या विहिरीचे पाणी अमृतासारखे गोड’ हे प्रशस्तिपत्र पुरेसे नाही.

आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण ताजे आहे. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस झपाट्याने गळू लागले. पहिला संशय पाण्यावर गेला आणि तपासणीत नायट्रेट अधिक आढळले. पुढे रुग्णांच्या रक्तात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले दिसले आणि संशय खाण्यातल्या गव्हाकडे वळला. यावरून इतके तरी घ्यावे की पाण्यात दोष सापडला म्हणजे रोगाचे कारण सापडले असे होत नाही. ज्या गावाजवळ आपल्या पाण्याची वर्षानुवर्षांची नोंद आहे, त्याला संकटाच्या दिवशी नवे काय आणि जुने काय हे ताबडतोब सांगता येते. ज्याच्याजवळ ती नाही, त्याला अफवेवर दिवस काढावे लागतात.

१९७२ च्या दुष्काळाच्या काळात उभी राहिलेली राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चार वेळा मोजते. कायदाही झाला: १९९३ साली पिण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर निर्बंध आला, आणि २००९ चा व्यापक कायदा २०१४ पासून अमलात आला. पण यंत्रणा प्रत्येक विहिरीवर येऊ शकत नाही आणि कायदा रात्री पहारा करीत नाही. उरलेले काम गावाचे आहे.

ते काम अवघड नाही. दोराला वजन बांधून त्यावर मीटरच्या खुणा कराव्या. विहिरीच्या काठावर एक जागा कायमची ठरवून तेथूनच पाणी किती खोल आहे ते मोजावे. पंप लावण्यापूर्वी सकाळी मोजावे, म्हणजे आकडा खरा येतो. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा, स्वच्छ बाटलीत नमुना घेऊन तो ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत प्रयोगशाळेकडे पाठवावा. उकिरडा विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला न्यावा. ही सारी नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी, कारण गुप्त राहिलेल्या आकड्याचा गावाला उपयोग नाही.

फळ्यावर मे महिन्याचा आकडा दरसाल खाली खाली जाताना दिसला, तर पुढच्या रब्बीत गहू किती आणि हरभरा किती, हे सर्वांनी बसून ठरवावे लागेल. तेथे भांडणे होतील, हे मी जाणतो. परंतु आकडा समोर ठेवून झालेले भांडण मिटू शकते. मे महिना जवळ आला आहे. पिण्याच्या विहिरीपासून आरंभ करावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.