पाने टिकवायची तर पाणी सांभाळा
(मंडळाच्या सजावट समितीपुढे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



मी राज्याच्या बागायत खात्यातला नोकरदार माणूस, वक्ता नव्हे. पण यंदा मखराला खरी पाने लावायची की प्लास्टिकची, अशी चर्चा निघाली. "तिसऱ्या दिवशी माना टाकतात" एवढ्या एकाच कारणावरून प्लास्टिकचे पारडे जड झाले. म्हणून खऱ्या पानांची बाजू मांडायला उभा आहे.

तोडलेले पान भुकेने नव्हे, तहानेने मरते. झाडापासून तुटले तरी ते वाफेवाटे पाणी टाकतच राहते. वर चढणारे पाणी मात्र अडते. कापताक्षणी देठाच्या नळ्यांत हवा शिरते आणि पुढे बादलीत वाढलेले जिवाणू त्या नळ्या बुजवतात. नुसती साखर घातली तर हे जिवाणूच पोसले जातात.

तेव्हा पाने पहाटे कापा, दुपारी नको. कोवळी, तांबूस पालवी लवकर कोमेजते. गडद, जून पान घ्या. खंडेराव मार्केटमधून आणलेल्या जुड्यांचे देठ घरी पाण्याखाली धरून, धारदार कात्रीने दोन-तीन सेंटिमीटर तिरके कापा. पाण्यात बुडणारी खालची पाने काढून टाका. मग जुडी कोमट पाण्यात, सावलीत चार-पाच तास ठेवा आणि नंतरच मखराला लावा. बादली आधी ब्लीचिंगच्या पाण्याने घासून धुवा. पाणी रोज बदला, दर दोन दिवसांनी देठ पुन्हा कापा.

अरेका पाम आणि मॉन्स्टेरा उष्ण प्रदेशातले. फ्रिजमध्ये ठेवले तर काळे पडतात. दूर्वा मात्र ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. आसोपालव आणि आंब्याच्या तोरणाला पाण्याचा आधार नसतो, म्हणून डहाळ्या रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी तोरण ओवा. केळीच्या खुंटांचे बुंधे पाण्याच्या बादलीत उभे करा.

आता मंडपातले तीन शत्रू. पहिला पंखा: त्याचा झोत पानांवर नको. दुसरे हॅलोजनचे दिवे: त्यांची धग पाने वाळवते. तिसरा शत्रू कुणाच्या ध्यानात येत नाही, तो म्हणजे नैवेद्याची पिकलेली केळी. त्यांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो, त्याने पाने पिवळी पडून गळतात. उदबत्तीच्या धुरातही तो असतो. नैवेद्य दाखवावाच, उदबत्तीही लावावी. पण फळांची टोपली रात्रभर मखरात राहू देऊ नये.

एवढे केल्यावरही सगळी पाने दहा दिवस टिकतील असे मी म्हणत नाही. जाड, मेणचट पाने टिकतील. नाजूक फर्न पाचव्या-सहाव्या दिवशी बदलावे लागेल. त्यासाठी रोज सकाळी अर्धा तास देणारी दोन माणसे हवीत. समितीने ती दोन नावे आजच लिहून घ्यावीत, ही विनंती. विसर्जनानंतर ही पाने खतात जातील. प्लास्टिकची कुठे जातात, हे विश्वामित्रीच्या काठावर आपण पाहतोच.

गणपती बाप्पा मोरया!