चपलेची वेणी कुणी घातली?

(उदगीर येथे शिवणकाम करणाऱ्या महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



फॅशन शोवर बोलायचं म्हटल्यावर तुमच्यातल्या दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. हसा. उदगीरच्या बाईला फॅशन शोशी काय करायचंय, असंच आपल्याला वाटतं. पण तिथं जे मिरवलं जातं, ते पुष्कळदा आपल्यासारखीच्याच हातून गेलेलं असतं. म्हणून हा विषय घेतला.

२०२५च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला. मॉडेल चालत आले, आणि पायात बघावं तर कोल्हापुरी! अंगठा, पट्टा, सपाट तळ, सगळं आपलंच. कंपनीनं मात्र नुसतं चामड्याचं सँडल म्हटलं. कोल्हापूरचं नाव नाही, करणाऱ्यांचं तर नाहीच. फोटो इकडं पोचले, ओरड झाली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिलं. तेव्हा कुठं कंपनीनं कबूल केलं की ही कल्पना भारतातल्या हस्तकलेवरून घेतली आहे. डिसेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक सरकारच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार झाला. २००० जोड इथं बनवून घ्यायचे, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. आपल्या पैशात सांगायचं तर ऐंशी हजारांच्या वर.

चला, नाव मिळालं. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकनही मिळालेलं होतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं ते आहे. पण नाव मिळालं ते जिल्ह्यांना. चप्पल काही जिल्हा करत नाही.

ती होते कशी? बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडं कमावतात. मग तळ कापायचा, ठोकायचा, कातड्याच्याच वादीनं शिवायचा. खिळा लागत नाही. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्या जातींनी केलं, त्यांना गावानं शिवून घेतलं नाही, त्यांनी केलेली चप्पल मात्र पायात घातली. आणि त्या घरांतही कापणं-ठोकणं बहुतेक पुरुषाकडं, तर बारीक वादीची वेणी घालणं, नक्षी टोचणं, शिवणं बाईकडं. चपलेला रूप येतं ते त्या वेणीनं. पण बाजारात माल घेऊन जातो तो नवरा, पैसे मोजून घेतो तोही नवराच. बाईचं काम 'घरातली मदत' म्हणून धरतात. कोल्हापूर विरुद्ध मिलान असा वाद पेपरात रंगला, चुलीपाशी बसून वेणी घालणारीला त्यातलं किती मिळणार, हे फार कुणी विचारलं नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीला चप्पल करणाऱ्या बायकांचे बचत गट बांधले गेले आणि त्यांनी 'टो होल्ड' या नावानं आपला माल परदेशात विकला. म्हणजे दुसरी वाट आहे.

नव्या डिझायनरांबद्दल मला आकस नाही. मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये नवख्यांसाठी 'जेननेक्स्ट' नावाचा वेगळा शो असतो, त्यातून पुष्कळ मुली पुढं आल्या. विदिशासारख्या गावातून आलेली वैशाली शडांगुळे २०२१मध्ये पॅरिसच्या हॉट कुतूर सप्ताहापर्यंत पोचली. आपण चोळीला आणि ओटीला वापरतो तो गुळेदगुड्डचा खण तिनं मोठ्या डिझायनर कपड्यांत आणला. मला त्याचा आनंदच आहे. माझं एवढंच म्हणणं, की मागावर बसलेल्या माणसाचं नाव आणि दामही त्याच पाटीवर यावं.

आता आपल्याकडं बघा. सोयाबीन काढायला निघालेली बाई लुगड्यावर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घालते, डोक्याला रुमाल गुंडाळते. हे तिला कुणी शिकवलं? ऊन, कुसळं आणि काम बघून तिनं स्वतःच ठरवलं. आणि शर्टाला खिसा असतो! आपल्या ब्लाउजला नाही, साडीला नाही, गाऊनला असला तर नशीब. पैसे चोळीत नाहीतर कनवटीला, मोबाईल हातात. बाईला ठेवण्यासारखं काही असेल, हे कपडा शिवणाऱ्याच्या मनातच आलेलं नसतं. तुम्ही शिवणाऱ्या आहात, तुम्ही खिसे लावा. परकराला लावा, गाऊनला दोन्ही बाजूंनी लावा. सुना-मुलींनी काय घालावं यावर घरोघरी पंचायत बसते, खिशाला तरी कुणी हरकत घेणार नाही. (घेतली तर का घेतली, ते मला येऊन सांगा.)

ब्लाउजचा मागचा गळा फोटोत बघून, कागद न कापता, थेट कापडावर बेतणाऱ्या इथं कितीजणी आहेत? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. शहरात याला डिझायनर म्हणतात आणि गल्लीत म्हणतात, 'बसल्या बसल्या चार पैसे मिळवते'. आणि आपणही तेच म्हणतो. शेजारणीनं एक दर सांगितला की आपण त्याहून दहा रुपयांनी कमी सांगतो. दोघींचेही डोळे रात्री सुईत ओवून ओवून दुखतात, आणि गिऱ्हाईक दोघींनाही उधारीवर ठेवतं.

तेव्हा आता भाषण पुरे. वह्या काढा. साधा ब्लाउज, अस्तराचा ब्लाउज, फॉल-पिको, पंजाबी ड्रेस, या क्रमानं. धागा, अस्तर, वीज आणि लागणारे तास आधी लिहा, दर त्याच्याखाली. कोपऱ्यातल्या मावशींपासून सुरू करू.