गावातच भेटणारा इतिहास

राज्य मंडळाच्या दहावीला सामाजिक शास्त्रांच्या दोन लेखी परीक्षा असतात. इतिहास-राज्यशास्त्राची ४० गुणांची आणि भूगोलाचीही ४० गुणांची. बालभारतीच्या २०१८च्या इतिहासाच्या पुस्तकात इतिहासलेखन, प्रसारमाध्यमे, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन असे धडे आले. मालगुंडच्या मुलांना हा शेवटचा धडा गावातच भेटतो. इथे कवी केशवसुतांचं जन्मघर आहे आणि कोकण मराठी साहित्य परिषदेनं उभारलेलं स्मारकही. १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मुलांनो, वही घेऊन तिथे जा. ही वास्तू कोणी जपली, कशासाठी जपली, हे विचारा आणि उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहा. इतिहास असाच लिहिला जातो.