पुण्यातली रंगीत पानं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

ऑक्टोबर लागला की परदेशी गेलेल्या आपल्या भाचरांची छायाचित्रं येऊ लागतात. बॉस्टन, न्यू जर्सीकडचे लालभडक मेपल, त्याखाली पानांचा सडा. इकडची मंडळी काश्मीरचे चिनार पाहायला तिकिटं काढतात. आणि मग हमखास कुणीतरी मला विचारतं, ‘आपल्या पुण्यात असलं काही नाहीच, नाही का हो?’

आहे. फक्त ते ऑक्टोबरात शोधायचं नाही. इंग्रजी ‘ऑटम’ला आपण सरसकट ‘शरद’ म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. तेव्हा पाऊस नुकता संपलेला असतो, जमिनीत ओल असते आणि झाडं हिरवीगार असतात. आपली पानगळ येते शिशिरात, माघ-फाल्गुनात. थंड प्रदेशात दिवस लहान होऊ लागले, गारठा वाढला की झाड आवरतं घेतं. आपल्याकडे प्रश्न थंडीपेक्षा पाण्याचा असतो. पावसाचे चार महिने गेले की जमीन वाळत जाते, आणि पानांतून तर पाणी सारखं उडून जात असतं. मग झाड हिशेब करतं आणि पानं गाळून टाकतं. मात्र त्याआधी पानातला नत्रासारखा कामाचा ऐवज ते परत ओढून घेतं. हिरवं द्रव्य मोडतं आणि आत आधीपासून दडलेला पिवळा रंग दिसू लागतो. लाल रंग मात्र बहुतेक झाडं त्या वेळी नव्यानं तयार करतात.

आता कुठे जायचं ते सांगतो. सुरुवात झाडांपासून न करता गवतापासून करा. नोव्हेंबरात सिंहगडाच्या किंवा वेताळ टेकडीच्या उतारांवर सकाळी जा. पावसाळ्यातलं हिरवं गवत तोवर तांबूस, सोनेरी झालेलं असतं आणि तिरप्या उन्हात सगळा उतार पेटल्यासारखा दिसतो. याला कुणी ‘फॉल कलर’ म्हणत नाही, पण माझ्या मते पुण्याचा खरा पहिला रंग हाच.

त्यानंतर देशी बदाम. हे मूळचं समुद्रकाठचं झाड, पण प्रभात रस्ता, मॉडेल कॉलनी या भागांतल्या जुन्या आवारांत चांगलं रुळलंय. जानेवारी-फेब्रुवारीत त्याची तळहाताएवढी पानं एकेक करून शेंदरी आणि मग गडद लाल होतात. मेपलची हौस असेल त्यांनी याच्याखाली उभं राहून वर पाहावं, उन्हाकडे तोंड करून. आपलं राज्यफूल ज्याचं, तो ताम्हणही पानं गाळण्यापूर्वी नारिंगी-तांबडा होतो. त्याच्या जांभळ्या फुलांचं कौतुक सगळे करतात, पानांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

फेब्रुवारीत टेकडीवर पुन्हा एक फेरी मारावी. सालई, मोई, गणेर ही झाडं तेव्हा उघडी झालेली असतात. रंग फारसा नसतो, पण प्रत्येकाच्या फांद्यांची ठेवण ओळखायला यासारखा काळ नाही. वनीकरणात लावलेल्या गिरिपुष्पाच्या गुलाबी फुलांचे फोटो काढून लोक परत फिरतात. त्यांनी चार पावलं पुढे जाऊन गणेराची पिवळीधमक फुलंही पाहावीत.

आणि मग येतो आपल्याकडचा मुख्य सोहळा, जो थंड देशांत या थाटात क्वचितच पाहायला मिळतो. तिकडे पान जाताना रंगतं. आपल्याकडे पुष्कळ झाडांवर ते येतानाच रंगीत असतं. चैत्रपालवी हा शब्द आपण किती सहज वापरतो! मार्चमध्ये रस्त्यातल्या पिंपळाकडे बघा. कोवळं पान आधी तांबूस-गुलाबी, मग पोपटी आणि मग हिरवं. गंमत म्हणजे एकाच रस्त्यावरचे दोन पिंपळ एकाच वेळी पालवत नाहीत. एक अजून जुनी पानं टाकत असतो, तर दुसरा नवीन पानांनी लखलखत असतो. आंब्याची पालवी तांब्याच्या रंगाची, सीताअशोकाची तर इतकी मऊ की मलूल झाल्यासारखी खाली लोंबते. पाडव्याला आपण तोंडात टाकतो ती कडुनिंबाची पानंही तांबूस झाक असलेली असतात. हा लालपणा म्हणजे कोवळ्या पानाची छत्री आहे, असं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. हिरवं द्रव्य पुरेसं भरेपर्यंत ती उन्हाचा मारा थोपवते.

पिंपळ पाहायला लांब जायला नको. विद्यापीठाच्या आवारात, लष्कर भागात, एखाद्या पारापाशी तो भेटतोच. कोरेगाव पार्कच्या गल्ल्यांत वडांची पालवी पाहावी. एम्प्रेस गार्डनमध्ये जुन्या झाडांवर चढलेली प्रचंड कांचनवेल आहे, तिच्यासाठी तासभर काढावा.

नेमक्या याच दिवसांत या झाडांवर संक्रांत येते, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत फेब्रुवारीत ठराव झाला, ‘पिंपळ वाळलाय, कचरा फार होतो, छाटून टाका.’ झाड वाळलेलं नव्हतं. फांद्यांच्या टोकांना कोंब फुगले होते. छाटणी झाली आणि त्या वर्षी तिथल्या मुलांना पालवी दिसलीच नाही. झाडं तोडण्यावर नियंत्रण आणणारा कायदा राज्यात १९७५ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जाही दिला. पण रस्ता रुंद करायचा म्हटलं की पहिल्यांदा आठवतात ती ही जुनीच झाडं. नवीन रोप लावलं, तर पिंपळाचा तो डोलारा बघायला तुमच्या नातवाला यावं लागेल.

गळलेल्या पानांचंही तसंच. झाडून ढीग करायचा आणि काडी लावायची, ही आपली जुनी खोड. धूर तर होतोच, पण झाडानं जे मातीला परत द्यायचं ते आपण हवेत उडवतो. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’सारखा उपक्रम वाळकी पानं गोळा करून बागा करणाऱ्यांपर्यंत पोचवतो. ज्यांच्या घरी चार कुंड्या आहेत, त्यांनी निदान एक पोतं तरी मागून घ्यावं.

आता शेवटचं ठिकाण, आणि माझं सगळ्यात लाडकं. मार्चमध्ये मुळशीवरून ताम्हिणीकडे निघा. वाटेत कुंभ्याची जून पानं लाल होऊन गळत असतात आणि ऐन तपकिरी पडलेला असतो. अशा रखरखीत उतारावर मध्येच एखादं झाड संपूर्ण लालबुंद दिसतं. लांबून वाटतं, पळस किंवा पांगारा फुललाय. जवळ गेल्यावर कळतं की फूल एकही नाही, ती पानं आहेत. तोच कुसुंब. काही ठिकाणी त्याला कोशिंब म्हणतात. उन्हं चढली की रंग फिका वाटतो, म्हणून पुण्यातून पहाटेच निघावं. गाडी वळणावर उभी करू नये, घाटातले ट्रक वेगानं येतात. आणि हो, ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं म्हणू नका. एकेका झाडाचा हा लाल रंग थोडेच दिवस टिकतो, आणि नंतर गेलात तर कुसुंब इतर झाडांसारखाच हिरवा दिसेल, ओळखूही येणार नाही.